‘पगार’ आला कुठून? लॅटिन ‘पाकारे’चं गणगोत

दर्यावर्दी (मूळ धागा)

पगार हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, हे आपण शाळेतच ऐकलेलं असतं. बटाटा, पाव, चावी, घमेलं, पगार अशी ती यादी पाठ होते आणि विषय तिथेच मिटतो. पण पोर्तुगीजांकडे तो कुठून आला, हे पाहायला गेलं की गोष्ट थेट रोमन सैन्याच्या छावणीत जाऊन पोचते. बरेच दिवस यावर लिहायचं मनात होतं.

पोर्तुगीजमध्ये ‘पागार’ हे क्रियापद. अर्थ पैसे देणं, चुकते करणं. स्पॅनिश, कॅटलान आणि ऑक्सितानमध्येही ‘पागार’च, इटालियनमध्ये ‘पागारे’, फ्रेंचमध्ये ‘पेये’. नॉर्मन फ्रेंचांबरोबर तो इंग्लंडात उतरला आणि त्याचा ‘पे’ झाला. म्हणजे ‘पे स्लिप’मधला पे आणि आपला पगार एकाच आजीची नातवंडं. त्या आजीचं नाव लॅटिन ‘पाकारे’. आणि गंमत अशी की या पाकारेचा पैशाशी काडीचा संबंध नव्हता.

‘पाक्स’ म्हणजे शांतता, तह. त्यावरून पाकारे म्हणजे शांत करणं. कोणाला? जिंकलेल्या मुलखाला. रोमन सेनापती सीझरनं गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या आसपासच्या मुलखातल्या, युद्धावर लिहिलेल्या ग्रंथाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी, इ.स.पू. ५७ च्या मोहिमांनंतर, ‘ओम्नी गाल्लिया पाकाता’ असे शब्द येतात, म्हणजे सगळा गॉल शांत केल्यावर. त्यानंतरही काही वर्षं तिथे बंडं होतच राहिली, हा भाग वेगळा. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस यानं स्वतःच्या कामगिरीचा जो जाहीरनामा मागे ठेवला, त्याची प्रत अंकाराच्या देवळाच्या भिंतीवर कोरलेली आजही आहे. त्यात तो म्हणतो, ‘मारे पाकावी आ प्राएदोनिबुस’, समुद्र मी लुटारूंपासून शांत केला. इथे पाकारेला तलवारीची धार आहे. समोरच्यानं हत्यार खाली ठेवलं की तो ‘पाकातुस’.

पैसे देण्यासाठी रोमन लोकांकडे दुसरे शब्द होते. ‘सोल्वेरे’ म्हणजे सोडवणं, कर्जाची गाठ सोडवणं. ‘पेंदेरे’ म्हणजे तोलणं, कारण फार पूर्वी धातू तोलून देत असत. नाण्यांसाठी ‘नुमेरारे’, मोजणं. हे असताना पाकारे मध्ये का घुसला?

त्याचं उत्तर धनको आणि ऋणको यांच्या नात्यात आहे. ज्याचं देणं थकलंय तो माणूस दारात उभा आहे, चारचौघांत बोलतोय, पंचांकडे जायची धमकी देतोय. त्याच्या हातावर पैसे ठेवले की तो शांत होतो आणि उठून जातो. रोमन साम्राज्य विरत गेलं त्या काळात आणि त्यानंतरच्या शतकांत पाकारे हा शब्द या शांतवण्यासाठी वापरला जाऊ लागला: आधी ‘सावकाराला शांत करणं’, मग ‘सावकाराला पैसे देऊन शांत करणं’, आणि शेवटी शांत करणं गळून नुसतं ‘पैसे देणं’ उरलं. जुन्या फ्रेंचमध्ये बाराव्या शतकाच्या आसपास हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदताना दिसतात. ‘पाइएर’ म्हणजे समेट करणंही आणि पैसे चुकते करणंही.

जुना अर्थ पुसला गेलाय असं वाटतं, पण तो घरातल्या कोपऱ्यांत अजून आहे. इटालियनमध्ये ‘पागो’ म्हणजे समाधानी, तृप्त. ‘आप्पागारे’ म्हणजे एखाद्याची इच्छा पुरवणं. स्पॅनिशमध्ये स्वतःवर फार खूष असलेल्या माणसाला ‘पागादो दे सी मिस्मो’ म्हणतात. शब्दशः पाहिलं तर ‘स्वतःकडून पैसे मिळालेला’, पण खरा अर्थ ‘स्वतःवर संतुष्ट’. सिद या योद्ध्यावरच्या ‘मियो सिद’ या जुन्या स्पॅनिश वीरकाव्यातही ‘पागादो’ याच अर्थानं येतो. सिद लुटीवर किंवा बातमीवर खूष झाला की तो ‘पागादो’.

आणि रुमानिया! रोमपासून तुटून स्लाव लोकांच्या गराड्यात पडलेली ही बहीण. तिच्याकडे पैसे देण्याचं क्रियापद ‘प्लती’, तेही स्लावांकडून घेतलेलं. पण ‘इंपका’ हे क्रियापद तिच्याकडे आहे आणि त्याचा अर्थ आजही समेट घडवणं, रुसलेल्याची समजूत काढणं. पश्चिमेकडच्या बहिणी बाजारात गेल्या, ही एकटी घरात भांडणं मिटवत राहिली.

मराठीत पगार हे नाम झालं, क्रियापद नाही. खुद्द पोर्तुगालमध्ये महिन्याच्या कमाईला ‘ऑर्देनादु’, ‘व्हेंसिमेंतु’ किंवा ‘सालारियु’ म्हणतात. ‘माझा पागार’ म्हटलं तर लिस्बनचा माणूस वाक्य पूर्ण व्हायची वाट पाहत राहील. मजुरीसाठी त्यांच्याकडे ‘पागा’ हे नाम आहे, पण आपण ते घेतलं नाही. आपण उचललं ते क्रियापद, शेपटासकट. ‘पगार’मधला शेवटचा ‘आर’ म्हणजे लॅटिन क्रियापदाचा ‘आरे’ हा प्रत्यय. दर महिन्याला आपण तो उच्चारतो.

---

चांदणवेल

फार सुंदर लिहिलंय. रुमानियाचा परिच्छेद वाचून छान वाटलं.

एक शंका. ‘सॅलरी’चं मूळ मीठ असं नेहमी वाचनात येतं, रोमन शिपायांना पगार म्हणून मीठ मिळायचं वगैरे. ते खरं का? मग ‘पागार’ आणि ‘सालारियु’ एकाच वेळी कसे चालू राहिले?

---

टंकसाळ

चांदणवेल, ‘सालारियुम’ या शब्दात ‘साल’ म्हणजे मीठ आहे, एवढं नक्की. थोरला प्लिनी या रोमन लेखकानंही तसं लिहिलंय. पण शिपायांना पगाराच्या जागी मिठाचे खडे दिले जात, असं सांगणारा एकही प्राचीन लेखक नाही. तो भाग नंतरच्यांनी रचलेला आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दर महिन्याला फिरतो. रोमन शिपायाचा पगार नाण्यांत होता आणि त्याला ‘स्टिपेंदियुम’ म्हणत. वर दर्यावर्दींनी सांगितलेला ‘पेंदेरे’ त्यातच बसलाय.

माझा विषय नाणी, म्हणून थोडी भर. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं चौथ्या शतकाच्या सुरुवातीला ‘सोलिदुस’ नावाचं सोन्याचं नाणं काढलं. एका रोमन पौंडात ७२ नाणी, म्हणजे एकेक साधारण साडेचार ग्रॅमचं. सोलिदुस म्हणजे भरीव, घट्ट. त्यावरून स्पॅनिशमध्ये ‘स्वेल्दो’ म्हणजे पगार, पोर्तुगीजमध्ये ‘सोल्दु’ म्हणजे शिपायाचा पगार, इटालियनमध्ये ‘सोल्दी’ म्हणजे पैसे. आणि पगारावर लढणारा तो ‘सोल्दातो’, इंग्रजीत ‘सोल्जर’. म्हणजे एकाच गोष्टीसाठी रोमान्स, म्हणजे लॅटिनपासून झालेल्या, भाषांनी तीन वाटा घेतल्या: मिठाची, नाण्याची आणि शांततेची. पोर्तुगीजमध्ये तिन्ही जिवंत आहेत. आपल्याकडे बोटीतून उतरली ती तिसरी.

---

रानजाई

दर्यावर्दी, धागा वाचता वाचता एकदम लक्षात आलं. आपलं ‘भागवणं’!

तहान भागवणं, भूक भागवणं, हौस भागवणं. आणि त्याच तोंडानं आपण ‘वीजबिल भागवलं’, ‘वाण्याची उधारी भागवली’, ‘सगळी देणी भागवून मोकळा झालो’ असं म्हणतो. मराठीनं पाकारेची वाट कोणाकडून न शिकता स्वतःच चाललेली आहे. आधी तृप्त करणं, मग पैसे देणं.

‘मिटवणं’ही घ्या. भांडण मिटवतात आणि हिशेबही मिटवतात. आमच्या गावाकडे तर ‘त्याचं काय ते मिटवून टाक एकदा’ असं म्हटलं की पैसे आहेत की तंटा, हे मागचं बोलणं ऐकल्याशिवाय कळत नाही.

---

दर्यावर्दी

रानजाई, हा प्रतिसाद मूळ लेखात हवा इतका मोलाचा आहे. ‘भागवणं’मध्ये तर अजून तो सांधाही दिसतो. ‘गरज भागवली’ म्हणताना पैसा असतो की समाधान? दोन्ही. अगदी याच जागेवर जुनी फ्रेंच आठशे-नऊशे वर्षांपूर्वी उभी होती.

त्याला धरूनच आणखी एक. पोर्तुगीजमध्ये ‘पागार प्रोमेसा’ म्हणतात, देवाला दिलेलं वचन ‘चुकतं करणं’. आपण नवस ‘फेडतो’. कर्ज फेडायचं तेच क्रियापद. सूड उगवायचा असेल तर स्पॅनिश माणूस ‘मे लास पागारास’ म्हणतो, म्हणजे याची भरपाई तुला करावीच लागेल. प्रेमाच्या बाबतीत ‘आमोर कोन आमोर से पागा’, प्रेमाची फेड प्रेमानंच. देव, वैर, प्रेम, सगळीकडे एकच व्यवहार: समोरच्याच्या मनात काहीतरी अस्वस्थ आहे आणि ते निवलं पाहिजे.

---

सह्यपायथा

वाचतोय. +१ रानजाईंना.

---

आगरातला_गडगा

इथे कोकणातली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर कोणीतरी घोटाळा करेल. आमच्याकडे ‘पागार’ म्हणजे दगडी भिंत. गोव्यात कोंकणीतही कुंपणाच्या भिंतीला ‘पागोर’ म्हणतात. त्याचा पोर्तुगीजांशी संबंध नाही. तो संस्कृत ‘प्राकार’, प्राकृतात ‘पागार’ झालेला.

पण मजा ध्वनीची आहे. प्राकाराचा पागार होताना दोन स्वरांच्या मधला ‘क’ मऊ पडून ‘ग’ झाला. मकराची मगर झाली तसाच. आणि लॅटिन पाकारेचा पोर्तुगीज पागार होताना नेमकं हेच घडलं ना? दोन वेगळ्या खंडांतले दोन वेगळे शब्द, एकच झीज, आणि शेवटी कोकणच्या किनाऱ्यावर दोघे जवळजवळ एका रूपात भेटले.

---

दर्यावर्दी

काय नेमकं सांगितलंत! हो, तोच नियम. लॅटिन ‘आमिका’, मैत्रीण, स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये ‘आमिगा’. ‘लाकुस’, तळं, त्याचं ‘लागो’. ‘फोकुस’, चूल, तिचा पोर्तुगीज ‘फोगु’ म्हणजे आग. रुमानियनमध्ये मात्र लाक, फोक आणि इंपका, ‘क’ जिथल्या तिथे.

फ्रेंच एक पायरी पुढे गेली. तिनं ‘ग’ही झिजवून ‘य’ केला, कधी पार गिळला. पाकारेचं पेये, आमिकाचं आमी. आपल्याकडेही हे आहेच: कुंभकाराचा कुंभार, लोहकाराचा लोहार, सुवर्णकाराचा सोनार. मधला ‘क’ गेला तो गेलाच. इटालियनमध्ये ‘आमिका’चा क टिकतो, पण पागारे आणि लागोमध्ये ग होतो. ती दोन घरांच्या मध्ये राहते.

आणि पागार-पगार हे नीट वेगळे ठेवायलाच हवेत. भिंतीचा पागार संस्कृतातून, महिन्याचा पगार लॅटिनमधून.

---

शिलेदार_०७

पण पगार फारसी नाही कशावरून? मेज, खुर्ची, तनखा, दौलत सगळं तिकडूनच आलं. पोर्तुगीजांचं राज्य होतं तरी केवढ्याशा पट्टीत.

---

टंकसाळ

शिलेदार, शंका रास्त आहे, कारण ‘मेज’च्या बाबतीत खरंच भांडण आहे. पोर्तुगीज ‘मेझा’ही आहे, लॅटिन ‘मेन्सा’वरून आलेला, आणि फारसी ‘मेझ’ही आहे. दोन्ही दारं उघडी आहेत. पगारच्या बाबतीत तसं नाही. फारसी-अरबीकडून आपण पगारासाठी जे घेतलं ते तनखा आणि मुशाहिरा. मुशाहिरा म्हणजे महिन्याचं, अरबी ‘शहर’ म्हणजे महिना, त्यावरून. दप्तरांत हेच शब्द भेटतात.

पट्टी लहान होती खरी, पण कुठे होती ते पाहा. वसई १५३४ पासून चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये घेईपर्यंत, चौल, साष्टी, खालचा गोवा. म्हणजे बंदरं, गलबतं, तोफखाने, गोद्या. जिथे माणसं शेतसाऱ्यावर किंवा बलुत्यावर नव्हे तर हातावर नाणी घेऊन काम करत, नेमकी ती ठिकाणं. रोख मजुरीचा शब्द तिथून यावा यात नवल नाही.

बार्देशातल्या आसगावचे सेबाश्तियाँव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९१३ मध्ये कोइंब्राहून आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश काढला, जवळजवळ पन्नास भाषांचा. पगार त्यांनी पोर्तुगीजच मानलाय, कोंकणी, मराठी, गुजराती तिन्हींत. एका गोव्याच्या माणसानं शंभरांहून जास्त वर्षांपूर्वी केलेलं हे काम आपल्याकडे फारच कमी लोकांना ठाऊक आहे, याचं वाईट वाटतं.

---

रेवदंड्याची_लाट

चौलचं नाव निघालं म्हणून. खाडीपलीकडे कोर्लईला किल्ल्याच्या पायथ्याशी एका वस्तीत आजही पोर्तुगीजातून घडलेली बोली घराघरांत बोलतात. ते तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, आपली भाषा. लिंग म्हणजे पोर्तुगीज ‘लिंग्वा’, जीभ आणि भाषा. चौल १७४० मध्ये मराठ्यांकडे आलं, फिरंगी गेले, पण बोली राहिली. भोवती सगळी मराठी, आणि ती मराठीच्या वळणानं वाकत वाकत टिकलीय. शब्दांच्या प्रवासाची आवड असलेल्यांनी तिथे जाऊन नुसतं कानांनी ऐकून यावं.

---

राईनकाठ

मी जर्मनीत असते. इथे ‘फ्रीडं’ म्हणजे शांतता. त्यावरून ‘बेफ्रीडिगुंग’, संतुष्ट करणं. दिवाळखोरीच्या कायद्यात हाच शब्द धनकोंची देणी भागवण्यासाठी वापरतात. कामानिमित्त असे कागद नेहमी हाताखालून जातात, पण त्यात शांतता दडलीय हे तुमचा धागा वाचेपर्यंत जाणवलं नव्हतं. लॅटिनपासून आली नसलेली भाषाही त्याच जागी पोचली, याचं फार अप्रूप वाटलं.

---

दर्यावर्दी

राईनकाठ, खूप आभार. म्हणजे लॅटिन, जर्मन आणि मराठी, तिघींनी थकलेल्या देण्याकडे एकाच नजरेनं पाहिलं. देणं हा आकडा नंतर, आधी ती दोन माणसांमधली अशांतता. मला या शब्दाबद्दल मुख्य सांगायचं आहे ते एवढंच. आज पगार म्हणजे मालकानं दिलेली कृपा किंवा संगणकावरचा आकडा वाटतो. शब्दाला विचारलं तर तो सांगतो, काम केलेल्या माणसाचं देणं थकलंय आणि ते हातात पडेपर्यंत दोघांत समेट झालेला नाही. पगार महिनोन्‌महिने थकवणाऱ्यांना हे कोणीतरी ऐकवायला हवं.

---

चांदणवेल

अनुमोदन, अगदी मनापासून. आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनचे तीन महिने थकले होते तेव्हाचे त्याचे डोळे आठवले.

‘बिनपगारी, फुल्ल अधिकारी’ या म्हणण्यात तर केवढ्या भाषा नांदतायत! पगार लॅटिनमधून पोर्तुगीजमार्गे, फुल्ल इंग्रजी, अधिकारी संस्कृत.

---

सांबा_ते_सेव्हिल

उशिरा आलो, पण स्पेनमध्ये राहतो म्हणून दोन गोष्टी.

इथे ‘आपागार’ म्हणजे विझवणं. दिवा बंद कर, आग विझव, मोबाइल बंद कर, सगळ्याला आपागार. हेही पाकारेचंच पोर: आगीला शांत करणं. मराठीत नाही का आपण दिवा ‘शांत झाला’ म्हणत, विझला म्हणणं अशुभ म्हणून? २८ एप्रिल २०२५ ला जवळजवळ अख्ख्या स्पेन-पोर्तुगालची वीज गेली, त्याला इथे सगळे ‘एल आपागोन’ म्हणतात, पोर्तुगीज ‘आपागाँव’. मेट्रो थांबल्या, सिग्नल बंद, कार्डं चालेनात, खिशात रोख असलेल्यालाच पाव-पाणी मिळत होतं. त्या दिवशी ‘पागार’ करता येत नव्हतं कारण ‘आपागोन’ झाला होता, आणि दोन्ही शब्दांच्या पोटात पाक्स. पोर्तुगीजमध्ये फळा पुसण्याच्या डस्टरला ‘आपागादोर’ म्हणतात.

दुसरं, इथे बऱ्याच नोकऱ्यांत वर्षाला १४ पगार असतात. उन्हाळ्यात एक आणि नाताळला एक जादा. त्याला ‘पागा एक्स्ट्रा’ म्हणतात. म्हणजे दर्यावर्दी म्हणतात ते ‘पागा’ हे नाम इथे रोजच्या तोंडात आहे.

अवांतर: पोर्तुगालच्या दक्षिणेला बेजा नावाचं गाव आहे. रोमन काळात ते ‘पाक्स यूलिया’ होतं. अरबीत ‘प’ नाही, म्हणून अरब अंमलात ते ‘बाजा’ झालं आणि पुढे बेजा. पाक्सचं सगळ्यात ओळखू न येणारं नातवंड बहुतेक हेच.

---

रानजाई

दिवा शांत होणं आणि आपागार, वा! एकच प्रश्न: ‘पाक्स’ला संस्कृतात कोणी सख्खं आहे का?

---

दर्यावर्दी

आहे. ‘पाश’. पाक्स, ‘पाक्तुम’ म्हणजे करार, आणि संस्कृत पाश हे ‘घट्ट बांधणं’ या अर्थाच्या एकाच जुन्या धातूकडे नेतात. तह म्हणजे दोन पक्षांनी एकमेकांना घातलेली गाठ. शांतता हा नंतरचा अर्थ.

सांबा_ते_सेव्हिल, बेजाची भर अप्रतिम. तुमच्या स्पॅनिशमधलाच आणखी एक शब्द सांगतो, कारण तो पाकारेचा जुळा भाऊ शोभेल. लॅटिन ‘क्विएतुस’ म्हणजे निवांत. मध्ययुगातल्या कागदांत त्यावरून एक क्रियापद झालं: ऋणकोला निवांत करणं, म्हणजे त्याला कर्जातून मोकळं केल्याचं लिहून देणं. त्याचं स्पॅनिश ‘कितार’ पुढे नुसतं ‘काढून घेणं’ या अर्थावर गेलं. पोर्तुगीज ‘किटार’ मात्र अजून कर्ज फेडून मोकळं होणं या अर्थानं चालतं. फ्रेंच ‘कित’ म्हणजे देणं उरलं नाही असा, त्यातूनच इंग्रजीचं ‘क्विट’. आणि इटलीत पैसे भरल्याची पावती मागायची तर ‘क्विएतान्झा’ म्हणतात. पाकारेनं सावकाराला शांत केलं, क्विएतुसनं कर्जदाराला.

---

टंकसाळ

क्विएतान्झासारखंच आपल्याकडे जुन्या कागदांत ‘फारखत’ भेटतं, देणंघेणं संपल्याचं लिहून दिलेलं. अरबी ‘फारिग’ म्हणजे मोकळा, आणि ‘खत’ म्हणजे लिखाण. पुढे तो शब्द काडीमोडासाठी ‘फारकत’ म्हणून रुळला. यावर वेगळा धागा काढतो, इथे गर्दी नको.